डाव्या पायाची चप्पल

१९५८ सालच्या जून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सव्वासात वाजता पंचापकेशराव आपल्या मोटारीखालून बाहेर आले आणि त्यांनी मला विचारलं, "सार, तुमच्या डाव्या पायाची जुनी चप्पल असेल कां?"

आमची ओळख होऊन तेव्हा दहा मिनिटंही झाली नव्हती. मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला होता आणि माझी ट्रंक अजून जिन्यातच होती. मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत कामाला होतो. तिथे कुणी काही मागितलं तर आधी कारण विचारायची पद्धत होती. मी विचारलं, "डाव्याच पायाची का?"

"मनुष्य उजवा पाय आपटून चालतो," ते म्हणाले. "उजवी टाच एका कडेला झिजते. डावा पाय बापडा मागून येतो. त्याचं चामडं सगळीकडे सारखं राहतं. जॅकच्या तोंडावर सारखंच चामडं पाहिजे. नाहीं तर वंडीच्या बुडाला वळ येतो."

वंडी म्हणजे गाडी. पंचापकेशरावांची मराठी तंजावरची होती. तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून निघालेली ती भाषा कावेरीच्या काठी जाऊन थांबली, तिला तमिळचा हेल लागला, आणि पुण्याहून आलेल्या माझ्यासारख्याला ती आपल्याच पणजोबांनी मद्रासी पोशाख केल्यासारखी ऐकू यायची. मी ट्रंक उघडली आणि डावी चप्पल काढून दिली. त्यांनी ती उलटी केली, टाचेवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "उत्तम. तुम्ही सरळ मनुष्य आहांत."

पंचापकेशराव तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. एका विमा कंपनीच्या मोटार विभागात ते कारकून होते. अपघात झालेल्या गाड्यांचे तपासणी अहवाल वाचायचे आणि फायलीला लावायचे, हे काम ते वीस वर्षांहून अधिक काळ करत होते. त्यातून त्यांचं एक ठाम मत झालं होतं. लोक गाडीचा पत्रा दाखवतात, रंग दाखवतात, फुटलेली काच दाखवतात. खरी हकीकत गाडीच्या खाली असते. "वरची वंडी लोकांची, खालची वंडी आपली," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्याच आठवड्यात चारदा ऐकलं.

त्यांची स्वतःची गाडी काळ्या रंगाची, चार दारांची, इंग्रजी बनावटीची आणि लढाईच्या आधीची होती. ती घराच्या बाजूच्या बोळात चार लोखंडी घोड्यांवर उभी होती. या घोड्या त्यांनी गिंडीच्या एका छोट्या कारखान्यातून स्वतः उभं राहून बनवून घेतल्या होत्या. चाकं जमिनीपासून चार बोटं वर होती. प्रत्येक घोडीच्या डोक्यावर चपलांच्या टाचेतून कापलेल्या चामड्याच्या चकत्या शिवून बसवल्या होत्या, म्हणजे गाडीच्या लोखंडाला घोडीचं लोखंड कुठेच लागत नसे. घोडीखाली सागवानी फळी होती, कारण बोळातली जमीन वाळूची.

दर रविवारी एका कोपऱ्याचं काम चाले. बाकीच्या घोड्यांना पाचरी लावायच्या. जमिनीवर फळी, फळीवर जॅक, जॅकवर चकती. जॅकचा दांडा अर्धा फिरवायचा, खाली आडवं होऊन पाहायचं, उठायचं, पुन्हा अर्धा फिरवायचा. गाडीचं वजन जॅकवर आलं की स्वतःलाच "पोदुम" म्हणायचं, म्हणजे पुरे. मग घोडी काढून पुसायची, समुद्राच्या वाऱ्याने गंज धरू नये म्हणून तिथल्या पत्र्याला एरंडेल चोळायचं, चकती बदलायची आणि सगळं पुन्हा होतं तसं. एका कोपऱ्याला दीड तास लागे. हे मी घड्याळ लावून पाहिलं आहे. चार रविवारी चार कोपरे होत. महिन्यात पाचवा रविवार आला तर ती गाडीची सुटी. त्या दिवशी पंचापकेशरावांना काय करावं ते कळत नसे आणि ते घरातल्या कपाटाचे पाय उचलून पाहत.

चकत्या बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात ठेवलेल्या असत. प्रत्येकीवर काळ्या शाईने नाव: पोस्टमन. डॉक्टर. समोरचे पेन्शनर. पुजारी, जुनी. माझी चकती झाल्यावर तिच्यावर त्यांनी "वरचे सार" असं लिहिलं. अक्षर बालबोध, म्हणजे देवनागरी, होतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना ते शिकवलं होतं.

गल्लीतल्या लोकांना वाटे, दृष्ट लागू नये म्हणून गाडीखाली चपला ठेवतात. समोरचे पेन्शनर रोज आरामखुर्चीतून विचारायचे, "काय रावजी, वंडी आज तरी खाली उतरणार का?" पंचापकेशराव गाडीखालून उत्तर द्यायचे, "खालती अजून काम आहे." गाडीखालून आवाज घुमून येई, त्यामुळे ते उत्तर देवळातून आल्यासारखं वाटे.

एकदा मैलापूरला एका लग्नात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पाहुणे जिथे चपला काढतात तिथे ते वाकून एकेक चप्पल उलटी करून पाहू लागले. नवरीच्या मामांनी त्यांचं मनगट धरलं. "काय चाललंय?"

"ही तुमची कां?" पंचापकेशरावांनी शांतपणे विचारलं. "आंतल्या बाजूनं झिजली आहे. तुमचा डावा गुडघा दुखतो कां?"

मामांनी मनगट सोडलं. गुडघा दुखत होता. जेवणाच्या पंगतीत मामा आमच्या शेजारी बसले आणि पायसम वाढेपर्यंत गुडघ्याबद्दलच बोलले. पंधरा दिवसांनी पोस्टाने एक पार्सल आलं. त्यात एकच चप्पल होती.

वर्षभर मी त्या गाडीला चालताना पाहिलं नाही. एंजिन महिन्यातून एकदा सुरू व्हायचं, दोन मिनिटं चालायचं आणि बंद व्हायचं. गाडी का चालवत नाही, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर तेच: "खालती अजून काम आहे."

खरं कारण मला त्यांच्या पत्नीने, कावेरीबाईंनी सांगितलं. त्यांना एकच मुलगी, अंबुजा. गाडी तिच्या लग्नासाठी घेतलेली. वराला मिरवत आणायला स्वतःची वंडी पाहिजे, असा पंचापकेशरावांचा हट्ट. गाडी घेतली त्याच दिवशी वाटेत हवा जाऊन चाक बसलं. तिथल्या माणसाने उघडा जॅक सरळ गाडीच्या तळपत्र्याला लावला आणि मागच्या सीटखाली, डाव्या बाजूला, बशीएवढा खळगा पाडला. घरी आल्यावर अंबुजा परकर सावरून गाडीखाली शिरली, खळगा पाहिला आणि म्हणाली, "अप्पा, इतकं खालून कोण पाहणार?"

"मी," पंचापकेशराव म्हणाले.

पुढे काही महिन्यांनी अंबुजाने वेलायुधन नावाच्या तरुणाशी रजिस्ट्रारच्या कचेरीत लग्न केलं. तो मद्रासबाहेर आवडी या गावी एका सरकारी वर्कशॉपमध्ये फिटर होता. जात वेगळी, भाषा तमिळ. घरी आलेली चिठ्ठी पंचापकेशरावांनी दोनदा वाचली, घडी करून पंचांगात ठेवली आणि बाहेर जाऊन गाडी घोड्यांवर चढवली. त्याला संध्याकाळ झाली. जेवायला बसले तेव्हा ते एकच वाक्य बोलले. "जिच्यासाठी आली ती बसेपर्यंत वंडी खालती उतरायची नव्हे." तिला बोलावणं मात्र त्यांनी पाठवलं नाही. आवडी तिथून पंधरा मैलांवर होती.

कावेरीबाई मला हे सांगत होत्या त्याला कारण होतं. अंबुजाची कार्डं माझ्या नावावर येत. दर गुरुवारी पोस्टमन जिना चढून वर यायचा आणि दहा मिनिटांनी कावेरीबाई, "सार, कापी आणली आहे," म्हणत यायच्या. कॉफीचा पेला ठेवायचा, कार्ड उचलायचं. अंबुजाला बालबोध शिकवायचं राहून गेलं होतं. ती तमिळमध्ये लिहायची. मला तमिळ वाचता येत नव्हतं, आणि कावेरीबाईंचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता तो त्याचमुळे.

१९६० सालच्या फेब्रुवारीत कावेरीबाईंनी नवऱ्याला बातमी सांगितली. मी वरच्या खिडकीत दाढी करत होतो. त्या बोळात उभ्या होत्या. पंचापकेशराव गाडीखाली होते, फक्त त्यांचे पाय दिसत होते.

"अंबुजेस दिवस गेले आहेत," कावेरीबाई म्हणाल्या. "सहावा लागला."

पाय हलले नाहीत.

"पहिलं बाळंतपण आईच्या घरीं. आठव्यांत बाईस हलवायचं नव्हे. मार्च सरायच्या आंत आणायला पाहिजे. ऐकतां आहांत कां?"

"कावेरी," गाडीखालून आवाज आला, "तो बारीक पाना इकडे सरकव."

त्यांनी पाना पायाने सरकवला.

त्यानंतर दर रविवारी हा संवाद झाला. मार्चच्या तिसऱ्या रविवारी तो असा झाला:

"सातवा सरत आला."

"मागल्या स्प्रिंगचं काम आहे."

"स्प्रिंगचं! माझ्या पोटीं मुलगी जन्मली होती, स्प्रिंग नव्हे. मी आगगाडीनं जातें आणि आणतें."

"आगगाडींत उभं राहावं लागतं."

"मग बसनं आणतें."

"बसचं बूड कधीं पाहिलं आहेस कां?"

कावेरीबाई घरात गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही. पंचापकेशराव दुपारी हॉटेलातून इडल्या घेऊन आले. त्या पानावर तशाच राहिल्या. समोरच्या पेन्शनरांनी आरामखुर्ची चार फूट मागे घेतली. पुढचा रविवार मार्चचा शेवटचा होता.

त्याच दिवशी चार वाजता पंचापकेशरावांनी मला खाली बोलावलं. "सार, जरा आंत या. एक मनुष्य धरायला पाहिजे."

त्या गाडीखाली मी तोपर्यंत कधी गेलो नव्हतो. चटईवर उताणा होऊन आत सरकलो. खाली एरंडेलाचा वास होता आणि सगळं लख्ख पुसलेलं होतं. एकाही ठिकाणी जॅकची खूण नव्हती. फक्त मागच्या बाजूला तो बशीएवढा खळगा.

"हा ठोकून सरळ का नाही केला?" मी विचारलं.

"तिनं पाहिलेला आहे. असूं दे."

मग त्यांनी मला मागच्या स्प्रिंगा दाखवल्या. पोलादी पात्यांच्या प्रत्येक जुडग्याभोवती मऊ चामड्याचं वेष्टन शिवलेलं होतं, आत ग्रीस भरलेलं. टाके बारीक आणि एकसारखे होते. डाव्या बाजूचं वेष्टन उजव्यापेक्षा जाड होतं.

"डाव्या बाजूला अंबुजा बसते," ते म्हणाले. "आवडीच्या रस्त्यास खड्डे फार. आतां हें शेवटचं टोक धरा, मी गांठ मारतों."

मी टोक धरलं. हे काम पाच-सहा आठवड्यांचं नव्हतं, हे उघड दिसत होतं. मी विचारलं, "हे केव्हा सुरू केलंत?"

"दिवाळी झाल्यावर."

"बातमी तर तुम्हाला फेब्रुवारीत मिळाली."

पंचापकेशरावांनी गाठ मारली, दाताने दोरा तोडला. "सार, खालून सगळं दिसतं. गुरुवारीं पोस्टमनचे पाय जिना चढतात. मागून कावेरीचे. तुम्हांस पुण्याहून कार्ड आलं तर कावेरी कशास वर जाईल? दिवाळीनंतर एका गुरुवारीं ती जिना उतरली ती धावत उतरली. तिचे गुडघे दुखतात. अशी ती आणिक एकदांच उतरली आहे, तंजावरास. अंबुजेच्या वेळेस."

मी म्हणालो, "मग त्यांना सांगायचं तरी."

"काय सांगायचं? वंडी तयार नव्हती." त्यांनी वेष्टनाबाहेर आलेलं ग्रीस फडक्याने पुसलं. "आणिक तिकडे गेल्यावर त्या मनुष्याशी काय बोलायचं तें मजला अजून सुचत नव्हे."

मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी सहाला गाडी उतरवायला सुरुवात झाली. अर्धा फेरा, आडवं होऊन पाहणं, पुन्हा अर्धा फेरा. साडेनऊच्या सुमाराला चौथी घोडी निघाली आणि चारही चाकं जमिनीला लागली. पेन्शनर आरामखुर्ची घेऊन आधीपासूनच रस्त्याच्या मध्यावर बसले होते. त्यांना खुर्चीसकट बाजूला करावं लागलं. एंजिन तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झालं. कावेरीबाई नवी साडी नेसून मागे बसल्या. मी पुढे बसलो; माझ्या पायाशी जॅक, दोन फळ्या आणि बिस्किटांचा डबा.

"डबा कशाला?" मी विचारलं.

"वाटेत चाक बसलं तर? उघडा जॅक लावूं कां?"

आवडीला पोचायला एक तास पन्नास मिनिटं लागली. वाटेत दोन सायकली आणि भाजीची एक बैलगाडी आमच्या पुढे गेली. सरकारी क्वार्टरांच्या ओळीत एका दारात अंबुजा उभी होती. पंचापकेशराव उतरले. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, खाली तिच्या पायांकडे पाहिलं, पाय सुजलेले होते. मग डिकीतून चटई काढली, गाडीशेजारी पसरली आणि म्हणाले, "रस्ता वाईट होता. खालती बघायला पाहिजे." आणि गाडीखाली शिरले.

कावेरीबाई मुलीला धरून आत गेल्या. मी गाडीशी उभा राहिलो. वीस मिनिटं झाली. आतून रडण्याचे आणि मग हसण्याचे आवाज आले. गाडीखालून काहीच आवाज आला नाही. हत्यारं डिकीतच होती.

मग वेलायुधन बाहेर आला. उंच, सावळा, कामाच्या कपड्यातला माणूस. नुकताच पाळीवरून आला होता. त्याने मला नमस्कार केला आणि गाडीपासून दोन हातांवर थांबला. गाडीखालून पंचापकेशरावांना त्याचे फक्त बूट दिसत असणार.

"मामा," तो सासऱ्यांना तमिळमध्ये म्हणाला, "काही मदत करू का?"

"नको." हेही तमिळमध्येच.

वेलायुधन तिथेच उभा राहिला.

"बूट कुठला?" गाडीखालून प्रश्न आला.

"वर्कशॉपचा, मामा."

"तळ चामड्याचा आहे?"

"हो."

"जरा मागे वळून उभा राहा."

वेलायुधनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो पाठमोरा उभा राहिला.

"टाचा सारख्या झिजल्या आहेत," आवाज आला. "दोन्ही पायांच्या."

"मशीनपाशी दिवसभर उभा असतो, मामा. दोन्ही पायांवर."

मग पंचापकेशराव म्हणाले, "जुना जोड असेल का?"

वेलायुधन घरात गेला आणि नाड्यांची गाठ मारलेला जुना बुटांचा जोड घेऊन आला. त्याच्या मागून अंबुजा दारापर्यंत आली. तो गाठ सोडायला लागला तशी ती मराठीत म्हणाली, मग तमिळमध्ये पुन्हा म्हणाली, "डावा द्या. अप्पांस डावाच लागतो."

गाडीखालून एक हात बाहेर आला.

"दोन्ही चालतील," पंचापकेशराव म्हणाले.

परतीच्या प्रवासात अंबुजा मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसली. वेलायुधन सायकलवर अर्ध्या वाटेपर्यंत आमच्याबरोबर होता. त्याला ते जड गेलं नाही. बऱ्याचदा तोच पुढे जाऊन थांबत होता. घरी पोचायला दोन तास दहा मिनिटं लागली. अंबुजा उतरली तेव्हा पंचापकेशरावांनी तिला विचारलं, "धक्का लागला कां?"

"नाहीं अप्पा."

"एकसुद्धां?"

"एकसुद्धां नव्हे."

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मी जिना उतरलो तेव्हा गाडीची तीन चाकं जमिनीवर होती. मागचा डावा कोपरा तेवढा घोडीवर घेतलेला होता. पंचापकेशराव आत हात धूत होते. मी वाकून पाहिलं. घोडीच्या डोक्यावर, त्या खळग्यापासून वीतभर अंतरावर, दोन नव्या जाड चकत्या एकावर एक ठेवल्या होत्या. वरच्या चकतीच्या कडेला काळ्या शाईने लिहिलं होतं: जांवई, उजवा. खालच्या चकतीवरचं वाचायला मला चटईवर आडवं व्हावं लागलं. तिथे लिहिलं होतं: जांवई, डावा.